शेताच्या उताराचा नकाशा: समपातळी रेषा संगणकावर काढून रानाची आखणी कशी करावी

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभे राहिले, तर चारी बाजूंना जमीन ताटासारखी सपाट दिसते. हस्ताचा एखादा जोराचा पाऊस पडून गेला, की त्याच रानाच्या एका कोपऱ्यात चार दिवस पाणी हटत नाही आणि वरच्या कोपऱ्यातली ज्वारी मात्र पोटरीत येण्याआधीच ओलीला महाग होते. शंभर मीटरला एक मीटर एवढा उतार माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही, पण पाण्याला तो भरपूर होतो. हा न दिसणारा उतार कागदावर आणण्याचे साधन म्हणजे समपातळी रेषांचा नकाशा. भूगोलाच्या पुस्तकात या रेषांना समोच्च रेषा म्हणतात आणि बांधबंदिस्तीच्या कामावर सगळे त्यांना सरळ ‘कंटूर’ म्हणतात. सारख्या उंचीची ठिकाणे जोडत जाणारी ही रेषा असते, आणि तिच्यावरून चालत गेलेला माणूस ना चढतो, ना उतरतो.

असा नकाशा पूर्वी मोजणीदार हाताने काढत असे. आता तो साध्या लॅपटॉपवर आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या तासात निघतो. या सोयीत एक फसगतही आहे, आणि ती आधीच सांगितलेली बरी. संगणक कोणत्याही आकड्यांवरून सुबक रेषा काढून देतो. आकडे खोटे असले, तरी रेषा तितक्याच सुबक दिसतात. मी पहिला नकाशा केला तो मोबाइलमधल्या ॲपने दाखवलेल्या उंच्यांवरून, आणि त्यात तीन एकरांच्या सरळ उताराच्या रानात दोन टेकड्या व मध्ये एक दरी निघाली. मोबाइलच्या उंचीत दहा-पंधरा मीटरांची चूक सहज असते आणि त्या रानाचा एकूण उतारच दोन मीटरांचा होता. म्हणून या लेखातला मोठा भाग संगणकाला द्यावयाच्या उंच्यांविषयी आहे. संगणकावरचे काम त्या मानाने थोडे आहे.

शिवाराचा नकाशा आणि शेताचा नकाशा वेगळे

कामाला लागण्यापूर्वी नकाशा कशासाठी हवा, हे ठरवावे. गावच्या शिवाराचा पाणलोट कोठून सुरू होतो, ओढ्याला पाणी कोणत्या माळावरून येते, शेततळ्याच्या वरच्या अंगाला किती क्षेत्र आहे, असे प्रश्न असतील, तर उपग्रहांवरून किंवा अवकाशयानातून मोजलेल्या उंच्या पुरतात. स्वतःच्या गटात बांध कोठून न्यावा, एवढाच प्रश्न असेल, तर त्या अजिबात पुरत नाहीत.

कारण सोपे आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ‘एसआरटीएम’ नावाने ती माहिती आज सर्वांना मोफत मिळते. तिचा एकेक चौकोन आपल्या अक्षांशावर साधारण ३० मीटर बाजूचा असतो, म्हणजे त्याचे क्षेत्र नऊशे चौरस मीटर, सुमारे नऊ गुंठे. एक एकराच्या, म्हणजे ४० गुंठ्यांच्या तुकड्यात असे चार-साडेचार चौकोन बसतात. त्यातही ही उंची पूर्ण मीटरांत नोंदलेली असते, त्यामुळे एक टक्का उताराच्या रानात एकच आकडा तीन-चार चौकोन तसाच राहतो आणि मग एकदम एका मीटरने बदलतो. त्यावरून पाव मीटर अंतराच्या रेषा मागितल्या, तर संगणक त्या देतो. पण त्या जमिनीच्या रेषा नसून आकड्यांच्या पायऱ्यांच्या रेषा असतात. शिवाय रडारला झाडांचे शेंडे आणि घरांची छपरे हीच जमीन वाटते. बाभळींची दाट रांग असलेला ओढा अशा नकाशात कधी कधी ओढ्याऐवजी वरंब्यासारखा दिसतो, तो यामुळेच.

युरोपच्या ‘कोपर्निकस’ उपक्रमाची ३० मीटरची उंची एसआरटीएमपेक्षा नवी आहे आणि मला ती अधिक नीट वाटते. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर नोंदणी केल्यानंतर कार्टोसॅट-१ उपग्रहावरून तयार केलेली उंचीही मिळते. यांपैकी कोणतीही घेतली, तरी शिवाराच्या नकाशात पाच मीटरांपेक्षा कमी अंतराच्या रेषा मागू नयेत.

शिवाराचा नकाशा क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करण्याची रीत थोडक्यात अशी. एसआरटीएमच्या फायली एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश अशा तुकड्यांत असतात. सोलापूर शहर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला आणि मंगळवेढा ही ठिकाणे १७ उत्तर, ७५ पूर्व या तुकड्यात येतात. अक्कलकोटसाठी १७ उत्तर, ७६ पूर्व आणि बार्शी व करमाळ्यासाठी १८ उत्तर, ७५ पूर्व हा तुकडा घ्यावा लागतो. गाव तुकड्यांच्या सीमेवर असेल, तर दोन्ही तुकडे आधी जोडून घ्यावेत. या फायलींतील स्थाने अंशांत असतात आणि आपल्याला अंतर मीटरांत हवे असते, म्हणून त्या प्रथम ‘यूटीएम झोन ४३ उत्तर’ या प्रक्षेपात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाच्या पद्धतीत बदलाव्यात. सोलापूर जिल्हा पूर्णपणे याच झोनमध्ये आहे. ही पायरी गाळली, तर उतार भलताच खोटा निघतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी पाच-सहा अडचणींचे मूळ येथेच असते. त्यानंतर उंचीच्या चुकांमुळे नकाशात दिसणारे खोटे खळगे भरून घ्यावेत, पाण्याच्या वाहण्याची दिशा काढावी आणि ज्या ठिकाणी बंधारा किंवा तळे योजले आहे, त्या बिंदूचे पाणलोट क्षेत्र मागावे. गाव नकाशा वर ठेवला, की कोणत्या गटांतून पाणी येते, ते उघड दिसते.

रानात उंची मोजणे

शेताच्या नकाशासाठी ऑटो लेव्हल हे दुर्बिणीचे यंत्र माझ्या मते सर्वांत भरवशाचे आणि परवडणारे आहे. ते बांधकामाच्या साहित्याच्या दुकानातून दिवसाच्या भाड्याने मिळते आणि दोन माणसे ते चालवू शकतात. एक यंत्रापाशी उभा राहतो, दुसरा आकड्यांची उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन रानात फिरतो. आरटीके पद्धतीचे, म्हणजे जागच्या जागी चूक दुरुस्त करणारे, जीपीएस यंत्र मिळाले, तर काम अधिक झटपट होते आणि दोन-तीन सेंटिमीटरांच्या आत अचूकता मिळते. मात्र त्याची उंची समुद्रसपाटीपासूनची आहे की पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, हे यंत्रवाल्याला विचारून घ्यावे, कारण आपल्या भागात या दोहोंत पन्नास मीटरांहून जास्त फरक पडतो. एकाच रानापुरता नकाशा असेल, तर या फरकाने बिघडत नाही. शेजारच्या रानाचा किंवा शिवाराचा नकाशा त्याला जोडताना मात्र सगळे बिनसते.

मोजणीचा हंगाम म्हणजे ज्वारी काढून झाल्यावर पहिल्या नांगरटीपर्यंतचे दिवस. रान मोकळे असते, पट्टी सगळीकडून दिसते. परंतु सोलापूरचा एप्रिल हा एप्रिल आहे. सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे नाचताना दिसतात आणि वाचनात एक-दोन सेंटिमीटरांची चूक कळत नकळत शिरते. म्हणून सूर्योदयाला सुरुवात करावी आणि नऊ-साडेनऊला थांबावे. दुपारच्या वेळेत आकडेमोड करावी.

पहिले काम कायम खुणेचे, म्हणजे बेंचमार्कचे. ज्या उंचीशी बाकी सगळ्या उंच्या ताडून पाहायच्या, ती जागा स्वतः हलता कामा नये. भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात रोवलेला दगड वर्षभरात वर-खाली होतो. म्हणून खूण विहिरीच्या पक्क्या कठड्यावर, पंपघराच्या पायरीवर किंवा उघड्या खडकावर करावी आणि रंगाने ठळक दाखवावी. तिची खरी उंची माहीत नसली, तरी चालते. ती १०० मीटर धरावी.

त्यानंतर रानात चौकोनी जाळे आखावे. उतार एकसारखा असेल, तर २० मीटरांचे जाळे पुरते. रान चढ-उताराचे असेल, तर १० मीटरांचे घ्यावे. शंभर मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा एक हेक्टर रानात २० मीटरांच्या जाळ्याचे ३६ बिंदू होतात, तर १० मीटरांच्या जाळ्याचे १२१. दोघे सवयीचे असतील, तर १२१ बिंदू दोन सकाळींत होतात. एक कोपरा शून्य धरून तेथून पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर, अशी प्रत्येक बिंदूची नोंद करावी. जाळ्याबाहेरचे काही बिंदू न चुकता घ्यावेत: ओघळीच्या तळाचे आणि तिच्या दोन्ही काठांचे, जुन्या बांधाच्या माथ्याचे आणि पायथ्याचे, विहिरीभोवतीच्या उंचवट्याचे, आणि पाणी रानात शिरते व बाहेर पडते त्या जागांचे. २० मीटरांच्या जाळ्यात दोन मीटर रुंदीची ओघळ दोन बिंदूंच्या मधून निसटून जाते आणि नकाशात ती नसतेच; नेमके सगळे पाणी मात्र तिच्यातूनच वाहते.

आकडेमोड एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खुणेवर पट्टी ठेवून यंत्रातून १.२४५ असे वाचन मिळाले, तर यंत्राच्या दृष्टिरेषेची उंची १०० अधिक १.२४५ म्हणजे १०१.२४५ मीटर झाली. आता रानातल्या एखाद्या बिंदूवर २.१०५ वाचन आले, तर त्या बिंदूची उंची १०१.२४५ उणे २.१०५, म्हणजे ९९.१४० मीटर. वाचन जितके मोठे तितकी जमीन खाली, एवढे लक्षात ठेवले, की गोंधळ होत नाही. यंत्र दुसरीकडे हलवायचे असेल, तर ज्याची उंची निघाली आहे अशा एका पक्क्या बिंदूवर नव्या जागेवरून पुन्हा वाचन घ्यावे. काम संपताना परत पहिल्या खुणेवर यावे. तेथे उंची पुन्हा १०० मीटर निघाली पाहिजे. फरक एक-दोन सेंटिमीटरांचा असेल, तर तो सोडून द्यावा; पाच सेंटिमीटरांचा असेल, तर कोठेतरी वाचन चुकले आहे, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. पट्टी ढेकळावर किंवा भेगेत ठेवली, तरी तेवढीच चूक होते. पट्टीखाली वीतभर लांबीची चपटी लोखंडी पाटी ठेवली, की हा त्रास टळतो.

ड्रोनविषयी बरेच विचारले जाते. मोठ्या क्षेत्रासाठी तो उत्तम आहे. पण ड्रोनला पिकाखालची जमीन दिसत नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याने मोठ्या हौसेने डिसेंबरात ड्रोनवाल्याकडून वीस एकरांचा नकाशा करून घेतला, तेव्हा रानात तूर उभी होती. नकाशात तुरीचे पट्टे दीड मीटर उंच टेकाडांसारखे उठले आणि मधले हरभऱ्याचे पट्टे चरांसारखे दिसले. पैसे तर गेलेच. पण त्या नकाशावरून बांध टाकला नाही, हे नशीब. ड्रोन उडवायचा असेल, तर मोकळ्या रानावर उडवावा, जमिनीवर मोजलेल्या उंचीच्या निदान पाच-सहा ठळक खुणा ठेवाव्यात, आणि ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशात तो भाग परवानगीच्या कोणत्या क्षेत्रात येतो, ते आधी पाहावे, सोलापूर विमानतळाच्या आसपासच्या गावांना हे विशेष लागू आहे.

संगणकावर

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरून उरते. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करावेत: बिंदू क्रमांक, पूर्वेकडचे अंतर, उत्तरेकडचे अंतर आणि उंची. ही फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात जतन करावी. आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत; देवनागरी अंक हे सॉफ्टवेअर अक्षरे समजते आणि मग उंचीचा रकाना निवडायला मिळत नाही. फाइल ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ म्हणून उघडली, की बिंदू पडद्यावर उमटतात, आणि येथेच पहिली तपासणी करावी: बिंदूंना उंचीप्रमाणे रंग द्यावा. हलक्या रंगांच्या घोळक्यात एकच गडद बिंदू दिसला, तर बहुधा लिहिताना आकडा चुकलेला असतो, ९९.१४ च्या जागी ९१.९४ पडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

मग बिंदूंवरून सलग पृष्ठभाग तयार करायचा असतो. त्यासाठी प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये दोन रीती समोरासमोर असतात. ‘आयडीडब्ल्यू’ ही रीत जवळच्या बिंदूंची सरासरी काढते, आणि तिने केलेल्या नकाशात मोजलेल्या बिंदूंभोवती बांगड्यांसारखी वर्तुळे उठतात. जमिनीत अशी वर्तुळे नसतात. ‘टीआयएन’ ही रीत बिंदूंना त्रिकोणांनी जोडते. शेतासाठी मी हीच वापरतो, कारण ओघळीच्या तळाचे बिंदू घेतलेले असले, तर ती ओघळ नकाशात टिकते. चौकोनाचे माप एक किंवा दोन मीटर ठेवावे. त्याहून बारीक ठेवल्याने नकाशा अधिक खरा होत नाही, फक्त फाइल जड होते.

शेवटी रास्टर मेनूमधील ‘एक्स्ट्रॅक्शन’खाली ‘कंटूर’ निवडावे आणि दोन रेषांमधील उंचीचे अंतर द्यावे. एक ते तीन टक्के उताराच्या आपल्या रानांना ०.२५ मीटर हे अंतर चांगले बसते. अगदी सपाट रानाला ०.१० मीटर घेता येते. पण तेथे मोजणीची चूकच दोन सेंटिमीटर असते, याचे भान ठेवावे. प्रत्येक पूर्ण मीटरची रेषा जाड करून तिच्यावर उंची लिहावी. मोजलेल्या बिंदूंच्या बाहेर संगणकाने ओढलेल्या रेषा शेताच्या हद्दीवर कापून टाकाव्यात; तेथे त्याने अंदाजच केलेला असतो. एक हेक्टरचे रान १:१००० या प्रमाणात ए-४ कागदावर व्यवस्थित मावते, आणि त्यात एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर असा सोपा हिशेब राहतो.

नकाशा ओळखीचा वाटतो का

नकाशा हातात आला, की तो रानाच्या मालकापुढे ठेवावा आणि आपण गप्प बसावे. ज्याने तीस वर्षे त्या रानात पाळी घातली आहे, त्याला पाणी कोठे तुंबते आणि माती कोठून वाहून जाते, हे पाठ असते. नकाशा त्याच्या बोलण्याशी जुळला पाहिजे. न जुळल्यास चूक बहुतेक वेळा नकाशाची निघते. वाचायच्या खुणा मोजक्याच आहेत. रेषा जवळ जवळ आल्या, तर उतार तीव्र. लांब लांब गेल्या, तर सौम्य. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराने रेषा वाकली आणि तिचे टोक उंच बाजूकडे असले, तर ती ओघळ; टोक सखल बाजूकडे असले, तर ती सोंड किंवा जमिनीची पाठ. बंद वर्तुळ म्हणजे उंचवटा किंवा खळगा, आणि ते कोणते, हे आकड्यांवरूनच कळते. रेषा एकमेकींना कधीही छेदत नाहीत. छेदल्या, तर काम पुन्हा करावे.

उतार काढण्यासाठी दोन शेजारच्या रेषांमधील सर्वांत कमी अंतर नकाशावर मोजावे. ०.२५ मीटरच्या दोन रेषा २० मीटरांवर असल्या, तर उतार सव्वा टक्का.

आखणी: बांध, कप्पे, तळे आणि ठिबक

सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि बांध, कप्पे, आडवी पेरणी यांवरचे प्रयोग येथे तेव्हापासून होत आले आहेत. ते केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. पाऊस कमी आणि तोही सप्टेंबरात एकवटलेला, हे या भागाचे दुखणे जुने आहे. त्यामुळे पावसाचा थेंब जेथे पडतो तेथेच मुरवायचा, की जास्तीचे पाणी सावकाश बाहेर काढायचे, हा निर्णय येथे जमिनीच्या खोलीवर ठरतो. नकाशा उतार सांगतो, खोली सांगत नाही. म्हणून नकाशावर चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो, ते लिहावे, आणि मगच रेषा आखायला बसावे.

सांगोला किंवा करमाळ्याकडच्या हलक्या व मध्यम जमिनीत समपातळी बांध योग्य ठरतात. दोन बांधांमधील उंचीचा फरक काढण्याची एक जुनी, सर्वत्र वापरली जाणारी रीत अशी: उताराच्या टक्क्यांना १० ने भागावे आणि त्यात ०.६ मिळवावेत, उत्तर मीटरांत येते. उतार दोन टक्के असेल, तर फरक ०.८ मीटर, आणि दोन बांधांमधील जमिनीवरचे अंतर ४० मीटर. एक टक्का असेल, तर ०.७ मीटर आणि अंतर ७० मीटर. तीन टक्के असेल, तर ०.९ मीटर आणि ३० मीटर. नकाशात हव्या त्या उंचीच्या रेषा वेगळ्या मागवता येतात, म्हणजे ९९.२, ९८.४, ९७.६ अशा ०.८ मीटरच्या टप्प्याने, आणि त्याच बांधांच्या रेषा होतात. प्रत्येक बांधाला जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा हवा, आणि तो कठीण किंवा मुरमाड जागी काढावा.

भारी काळ्या जमिनीत मात्र हा समपातळी बांध टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे पाणी सावकाश मुरते, बांधाच्या वरच्या अंगाला पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पहिल्या मोठ्या पावसात तो त्या भेगेतून फुटतो. अशा रानाला ढाळीचे बांध द्यावेत, म्हणजे बांधाच्या लांबीत शंभर मीटरला २० ते ४० सेंटिमीटर ढाळ देऊन पाणी गवताच्या चरीकडे न्यावे. नकाशावर हे आखणे सोपे आहे: ०.२५ मीटरच्या रेषा असतील, तर बांधाची रेषा शंभर मीटर चालून एका समपातळी रेषेवरून तिच्या खालच्या रेषेवर उतरली पाहिजे, म्हणजे ढाळ पाव टक्का झाला.

रब्बी ज्वारीच्या रानाला पावसाळ्यात सारा यंत्राने, म्हणजे वरंबे घालणाऱ्या अवजाराने, पाणी अडवणारे चौकोनी कप्पे पाडण्याची पद्धत जिल्ह्यात परिचित आहे. कप्पा किती मोठा असावा, हे उतारावरून ठरते. दोन टक्के उतारावर दहा मीटरच्या कप्प्यात वरच्या आणि खालच्या कडेत २० सेंटिमीटर फरक पडतो. वरंबा तीस सेंटिमीटरचा असेल, तर पाणी कप्प्यात राहते. उतार तीन टक्के झाला, की हाच फरक ३० सेंटिमीटर होतो आणि पाणी खालच्या वरंब्यावरून जाते. तेथे कप्पा सहा मीटरचा करावा, म्हणजे फरक १८ सेंटिमीटरवर येतो. एकाच रानात दोन मापांचे कप्पे पाडायला लोक कंटाळतात. पण नकाशात जेथे रेषा दाटतात, तेवढ्याच पट्ट्यात ते पाडायचे असतात.

शेततळ्याची जागा नकाशावरून निवडताना सर्वांत सखल कोपरा हीच योग्य जागा, असे समजू नये. मोठ्या ओढ्याच्या पात्रात खोदलेले तळे दोन पावसाळ्यांत गाळाने भरते. छोट्या ओघळीच्या बगलेला, मुरमाच्या वर मातीचा चांगला थर असलेल्या जागी ते घ्यावे आणि वरच्या अंगाचे क्षेत्र शिवाराच्या नकाशावरून मोजावे. तीस मीटर लांब-रुंद, तीन मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार दिलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. एका पावसात ५० मिलिमीटर पाणी पडले आणि त्यातले वीस टक्के वाहून आले, असे धरले, तर एका हेक्टरवरून शंभर घनमीटर मिळते. म्हणजे एकाच पावसात तळे भरायला बावीस हेक्टर पाणलोट लागतो. पाच हेक्टरच्या पाणलोटावर एवढे तळे खोदून ते उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याने भरत बसण्याची वेळ अनेकांवर येते.

डाळिंबाच्या ठिबकलाही हा नकाशा उपयोगी पडतो. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक किलो दाब देते, म्हणून तीन मीटर चढावर गेलेल्या नळीत दाब सुमारे ०.३ किलोने कमी होतो, आणि साध्या ड्रिपरच्या एक किलो दाबात हा फरक झाडांना जाणवतो. उपनळी उताराच्या दिशेने आणि ड्रिपरच्या नळ्या शक्यतो समपातळी रेषांच्या बाजूने गेल्या, तर एका नळीवरच्या सगळ्या झाडांना सारखे पाणी मिळते. उंच-सखल भागांसाठी मग वेगळे व्हॉल्व्ह ठेवता येतात. उजनीच्या कालव्याखालच्या उसाच्या रानात हाच नकाशा उलट्या कामाला येतो: चोपण, म्हणजे क्षारांनी खराब, होत चाललेले सखल पट्टे त्यात ठळक दिसतात आणि निचऱ्याचा चर कोठून काढावा, ते कळते.

एक अडचण नकाशाने सुटत नाही. वाटण्या झाल्या, की आपल्याकडे रान उताराच्या बाजूने लांबट पट्ट्यांत कापले जाते, म्हणजे प्रत्येक भावाला वरचा मुरूम आणि खालची काळी दोन्ही मिळतात. न्यायाच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण समपातळी रेषा गट नंबर ओळखत नाही, ती चारही पट्ट्यांना आडवी जाते. एका भावाने बांध घातला आणि शेजारच्याने नाही घातला, तर पाणी बांधाच्या टोकाला वळसा घालून शेजारच्याची माती नेते, आणि पुढचे भांडण बांधावरचेच असते. अशा ठिकाणी चौघांच्या रानाचा मिळून एकच नकाशा करावा आणि तो चौघांसमोर एकदमच उघडावा.

कागदावरून पुन्हा रानात

बांधाच्या रेषेवरील दर वीस मीटरचे बिंदू नकाशावरून काढून मोबाइलमध्ये भरता येतात. मोबाइलच्या जागेत तीन ते पाच मीटरांची चूक असते, आणि दोन टक्के उतारावर पाच मीटर सरकणे म्हणजे दहा सेंटिमीटर वर-खाली होणे. त्यामुळे मोबाइलने फक्त अंदाजे जागा शोधावी आणि खुंटी ठोकण्यापूर्वी ऑटो लेव्हलने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी जुळवावी. खुंट्या रोवून झाल्यावर त्यांच्या बाजूने एकदा चालावे. रेषा फार वेडीवाकडी असेल, तर पाभर किंवा ट्रॅक्टर वळेल एवढी ती सरळ करावी; दहा-पंधरा सेंटिमीटर पातळी सोडावी लागली, तरी चालते, मात्र जेथे रेषा खाली उतरली तेथे बांध तेवढाच उंच ठेवावा, म्हणजे माथा सगळीकडे एका पातळीत राहील. बांध झाल्यावर माथ्याची पातळी पुन्हा मोजावी, कारण सैल माती बसते आणि पाणी नेहमी सर्वांत खचलेल्या जागेवरून जाते.

पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशाची एक प्रत आणि पेन घेऊन रानात जावे. बांधाला पाणी कोठपर्यंत टेकले होते, याची काडीकचऱ्याची रेघ मातीवर राहते, आणि ती रेघ म्हणजे पाण्याने स्वतः आखलेली समपातळी रेषा असते. ती नकाशावर उतरवावी. जेथे ती आपल्या रेषेपासून दूर गेली आहे, तेथे चार-पाच नवे बिंदू मोजून सीएसव्ही फाइलमध्ये मिळवावेत, नकाशा पुन्हा काढावा आणि फाइलच्या नावात तारीख घालून जुन्या फाइलशेजारी ठेवावी.